सुनेची खंजिरी

आमच्या थोरल्या साडभावांसारखा, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांसारखा, विकणारा माणूस सातपुड्याच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडे झाला असेल असं मला वाटत नाही. हयातभर त्यांनी संत्री विकली, पण संत्री हे निमित्त होतं. कुणाच्या घरी सांत्वनाला गेले तरी परत येताना त्या घरातली जुनी सायकल योग्य गिऱ्हाइकाला लावून देण्याचं कबूल करून यायचे. माझं लग्न त्यांनीच जमवलं. माझ्याबद्दल सासऱ्यांना त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं ते मला बऱ्याच वर्षांनी बायकोकडून कळलं. ‘पोरगा वरून हिरवा वाटते, पण आतून गोड आहे, घरात ठेवला की रंग धरन,’ असं ते म्हणाले होते. सासऱ्यांनी विश्वास ठेवला. माझा रंग अजूनही पक्का झालेला नाही असं बायकोचं मत आहे, पण साडभावांच्या मालाबद्दल तिनेही कधी तक्रार केली नाही.

ते पांढुर्ण्याचे, मी सौंसरचा. बसस्टँडच्या जवळ माझं औषधांचं दुकान आहे. साडभाऊ बगीचे घ्यायचे, म्हणजे झाडावर फळ असतानाच अख्ख्या बागेचा सौदा करायचे, आणि त्या निमित्ताने आमच्या भागात आले की दुकानात डोकावल्याशिवाय जात नसत. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात एक लहान घडीचा चाकू. विकण्याचं त्यांचं सगळं शास्त्र त्या चाकूत होतं. भाव सांगायच्या आधी ते फळ कापून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत आणि गिऱ्हाईक खात असताना एक शब्दही बोलत नसत. खाणाऱ्या माणसाला बोलायला लावू नये, त्याच्या तोंडाला त्याच्याशी बोलू द्यावं, हे त्यांचं तत्त्व. दुकानात आले की ते माझ्या धंद्यातही हे तत्त्व आणू पाहत. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्याला आधी चमचाभर चाखायला काहून देत नाही, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं आहे.

पुढे त्यांना शुगर निघाली. पायाला मुंग्या यायला लागल्या आणि डॉक्टरांनी उन्हातान्हात बगीच्याबगीच्यातून फिरणं बंद करायला सांगितलं. धंदा धाकट्या भावाकडे गेला. घरी बसलेले साडभाऊ म्हणजे एक मोठं संकट होतं. शेजाऱ्याची म्हैस त्यांनी शेजाऱ्याला न विचारता विकून टाकायची बाकी ठेवली होती. माझ्या मेहुणीने फोन करून बायकोला सांगितलं की यांना शुगरची गोळी आहे, पण हे जे दिवसभर चाललं आहे त्याची गोळी तुझ्या नवऱ्याकडे असली तर पाठव.

ती गोळी घरातच, माडीवरच्या खोलीत तयार होत होती. साडभावांची सून नागपूरची. आवाज मुद्रित करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली, तिथल्या एका स्टुडिओत नोकरी केलेली. मुलगा बोरगावला कारखान्यात, पाळीप्रमाणे कामावर. लग्न होऊन ती पांढुर्ण्याला आली, आणि सकाळची कामं उरकली की माडीवर जाऊन कानाला मोठे हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायची. ती तिथे काय करते हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. मेहुणीचा समज असा होता की ती मोबाइल कंपनीच्या तक्रारी ऐकते, आणि तक्रारी फार असाव्यात, कारण पोरगी एक शब्दही न बोलता दिवसभर ऐकतच असते.

खरं म्हणजे ती एक सॉफ्टवेअर तयार करत होती. हल्ली गाणं करायचं तर वादकांचा ताफा बसवत नाहीत. गाणं जुळवणारा माणूस संगणकासमोर एकटा बसतो आणि ढोलक, बासरी, सनई सगळं संगणकातूनच काढतो. पण आपल्याकडची भजनाची खंजिरी त्यात धड नव्हती. जी होती ती, सुनेच्या शब्दांत, हॉटेलातल्या पोऱ्याने ताटली आपटल्यासारखी वाजायची. तिने खऱ्या खंजिरीचा एकेक ठोका मुद्रित केला. बोटाचा, तळव्याचा, काठावरचा, नुसत्या झांजांचा. मग ते सगळे ठोके एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये असे बसवले की गाणं जुळवणाऱ्याला हवं ते हवं तसं वाजवून घेता यावं. भजन रंगात आलं की मंडळी नकळत लय वाढवतात, तीसुद्धा तिने त्यात आणली होती. हे छोटं सॉफ्टवेअर गाणी करायच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत बसतं. साडभावांना हे तिने समजावून सांगितलं तेव्हा ते एका क्षणात समजले. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात तसंच झालं की हे, असं म्हणाले. ‘खुंट त्याइचा, डोळा आपला.’ पुढे हीच व्याख्या तिने आपल्या वेबसाइटवर इंग्रजीत करून टाकली होती, पण परदेशी गिऱ्हाइकांनी डोळ्याबद्दल विचारणा केल्यामुळे काढावी लागली.

हे समजावून सांगायची वेळ आली ती मात्र वाईट प्रसंगातून. एके दिवशी जिन्याखाली बसून पेपर वाचताना साडभावांच्या कानावर पडलं की सून मुलाला सांगते आहे, आता हे बंद करते. दोन वर्षं खपली, सॉफ्टवेअर इंटरनेटवर ठेवलं, जाहिरातीचे मेल पाठवले, पण घेणारे बोटावर मोजण्याइतके. गावातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली आहे, तिथे अर्ज करते. ती रडत नव्हती, असं साडभावांनी मला पुढे सांगितलं. रडली असती तर मी वर गेलो नसतो, बायामाणसांच्या रडण्यात सासऱ्याने जाऊ नये. पण ती हिशेब सांगावा तसं सांगत होती, आणि माल चांगला असून माणूस असं बोलायला लागला की समजावं, विकणारा चुकला. ते तडक माडीवर गेले आणि तिला म्हणाले, ‘माल घरात ठेवून कोनी घ्यायले येत नाही बाई. मले दाखव.’

त्या दिवसापासून साडभावांच्या पायाच्या मुंग्या गेल्या.

सुनेच्या विक्रीच्या पद्धतीतल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी एका बैठकीत मोडीत काढल्या. सॉफ्टवेअर आठवडाभर फुकट वापरून पाहा, असं तिने लिहिलं होतं. आठवडाभर फुकट दिल्यावर माणूस पेटी संपवून साल परत करेल, असं म्हणून त्यांनी ती सवलत काही मिनिटांवर आणायला लावली. त्यानंतर आवाज आपोआप बंद व्हायचा. सॉफ्टवेअरमध्ये कातडं किती ताणलेलं असावं ते ठरवायला एक गोल बटण होतं आणि त्यावर टक्के लिहिले होते. टक्के पाहून कुणाच्या कानाला काय कळणार, म्हणून साडभावांनी तिथे ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘उतरती’ अशी नावं द्यायला लावली, कारण सकाळच्या गारव्यात खंजिरी सैल बोलते, दुपारच्या उन्हात ताणली जाते आणि ऊन उतरलं की पुन्हा सैलावत जाते. हे मात्र सुनेला मनापासून आवडलं. मग तिने त्यांना जुना लॅपटॉप दिला, कुठे दाबलं की काय होतं ते शिकवलं, आणि साडभाऊ स्कूटरच्या पायाजवळ लॅपटॉपची बॅग आणि एक छोटा स्पीकर ठेवून निघाले.

आपल्या भागात गाणी करणारे किती असतील असं मला वाटलं होतं, आणि ते किती निघाले हे पाहून मी थक्क झालो. पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, पार मुलताईपर्यंत कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, कुणाच्या कपड्याच्या दुकानामागे स्टुडिओ होते. कुणी जामसांवलीच्या हनुमानाची भजनं करायचं, कुणी एप्रिलसाठी भीमगीतं, कुणी लग्नाच्या वरातीचं दणदणीत काही, आणि निवडणूक आली की सगळेच सगळ्या पक्षांची गाणी. साडभावांनी हे सगळे शोधून काढले. माझं दुकान त्यांची सौंसरची शाखा झाली. गिऱ्हाइकाच्या कानात इयरफोन दिसला की ते विचारायचे, गाणी ऐकता की करता? ऐकणाऱ्यांना ते सोडून देत असं नाही. करणाऱ्याचा पत्ता काढून घेत.

सौंसरच्या ज्या पहिल्या स्टुडिओत ते गेले तिथे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे लावलेले होते. साडभाऊ अंड्याला शिवत नाहीत. ते सगळा वेळ खोलीच्या मधोमध, कुठल्याच भिंतीला पाठ लागणार नाही अशा बेताने उभे राहिले आणि स्टुडिओवाल्याला वाटलं म्हातारा फार नम्र आहे. छिंदवाड्याला मात्र कसोटी लागली. सुनेकडून चुकून जुन्या लॅपटॉपमध्ये ती काही मिनिटांत बंद होणारी फुकटची प्रतच राहिली होती. ऐन रंगात खंजिरी थांबली. समोर तीन माणसं कान देऊन बसलेली. साडभाऊ डोळ्याची पापणी न लवू देता म्हणाले, ‘आता हा दम घेऊन राहिला. खरा वाजवणारा घेत नाही काय?’ त्या माणसांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकाने सॉफ्टवेअर घेतलं आणि पंधरवड्याने सुनेला विनंती पाठवली की माझ्या प्रतीत दम घेण्याची सोय दिसत नाही, ती पण द्यावी. सुनेने ती खरोखर करून दिली. आता त्यासाठी वेगळं बटण आहे.

जामसांवलीचा शनिवार तर मी स्वतः पाहिला. तिथे भजनी मंडळं येतात, मंडळांबरोबर त्यांची गाणी मुद्रित करणारे येतात, तेव्हा दुकान तिथेच मांडावं असं साडभावांनी ठरवलं आणि मला ओढून नेलं. नारळ-फुलांच्या दुकानांच्या ओळीत त्यांनी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, स्पीकर लावला आणि खंजिरी सुरू केली. लोक थांबायला लागले. वाजते आहे पण वाजवणारा दिसत नाही, हे पाहून एका म्हातारीने लॅपटॉपला हात जोडले आणि झेंडूचं फूल त्यावर वाहिलं. तिच्या मागच्या बाईने दोन रुपये ठेवले. साडभाऊ त्यांना समजावून सांगत होते की बाई, हा देव नाही, हे गाणी करणाऱ्यांचं सामान आहे, पण मागच्यांना ते ऐकू येत नव्हतं आणि रांग वाढत चालली होती. एका भक्ताने भावनेच्या भरात स्टुलाच्या कडेवर नारळ फोडला. पाणी लॅपटॉपवर गेलं. त्या दिवसापासून त्या लॅपटॉपवर काही अक्षरं उमटेनाशी झाली, पण साडभावांना अक्षरांची गरज नव्हतीच. जमलेले पैसे आणि फुलं त्यांनी मंदिरात नेऊन ठेवली. त्या गर्दीतून मुलताईचा एक भजनं करणारा मात्र त्यांना सापडला आणि त्याने तिथल्या तिथे सॉफ्टवेअर विकत घेतलं. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले की धंदा करायला देवळासारखी जागा नाही, कारण तिथे माणूस आधीच द्यायच्या मनाने आलेला असतो.

शाळेतला अर्ज सुनेने केला नाही. विक्री फार नव्हती, पण होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणीतरी तिच्या कामाबद्दल गावोगाव बोलत होतं. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर सासरा आणि सून माडीवर वाद घालत होते. उतरतीच्या खंजिरीत झांज जरा जास्त वाजते, असं साडभावांचं म्हणणं होतं. लॅपटॉप कसा बंद करायचा हे ज्यांना अजून फोन करून विचारावं लागायचं ते झांजेच्या नादावर बोलत होते, आणि ती लिहून घेत होती.

आता वामनरावांबद्दल सांगायला हवं, कारण त्या सॉफ्टवेअरमधला प्रत्येक ठोका वामनरावांच्या हातचा होता. वामनराव रामाकोन्याचे, रेल्वेतून रिटायर झालेले, साडभावांचे शाळेतले मित्र. खंजिरी ते लहानपणापासून वाजवायचे. भीमगीतांच्या त्यांच्या पार्टीला एके काळी चारी बाजूंनी बोलावणी असत, आणि भजनी मंडळंही त्यांना हक्काने नेत. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी मुलताईला दिली होती, ते एकटेच राहायचे. सुनेने ठोके मुद्रित करायला विचारलं तेव्हा ते हसून तयार झाले होते. दिवसभर माडीवर बसून वाजवलं, पोहे खाल्ले, मानधन देऊ केलं ते घेतलं नाही, दोस्ताच्या सुनेकडून कायले, म्हणाले. आपल्या ठोक्यांचं पुढे नेमकं काय होणार हे त्यांनी विचारलं नाही आणि साडभावांना तेव्हा स्वतःलाच माहीत नव्हतं, पोरीला भजनाची हौस आहे एवढंच घरच्यांना वाटलं होतं.

हिवाळ्यात साडभावांनी नागपूर गाठलं आणि तिथल्या एका मोठ्या स्टुडिओला सॉफ्टवेअर विकलं. वर्षाला पुष्कळ गाणी तिथून बाहेर पडत. ती त्यांची सगळ्यात मोठी विक्री. ते इतके खूश होते की मला दुकानात येऊन मिठी मारली. मार्च महिन्यात ते संत्र्यांची पिशवी घेऊन रामाकोन्याला ही बातमी द्यायला वामनरावांकडे गेले आणि तिथून परस्पर माझ्या दुकानात आले.

स्टुलावर बसले. मी गिऱ्हाइकं करत होतो. एक तरुण हेडफोन गळ्यात अडकवून आला, डोकेदुखीची गोळी घेऊन गेला, साडभावांनी त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. तेव्हा मी घाबरलो. शुगर कमी झाली असावी म्हणून साखरेचं पाणी करायला घेतलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘मी वामनचं वाजवणं वामनच्याच गिऱ्हाइकाले विकून आलो.’

मग हळूहळू सगळं सांगितलं. एप्रिलच्या आधी नागपूरच्या त्याच स्टुडिओत वामनरावांना दरवर्षी बोलावणं असायचं. या वर्षी आलं नव्हतं. वामनराव बोलता बोलता सहज म्हणाले, यंदा तिथं गाणी होत नसतील, नाही तं फोन आला असता. गाणी होत होती. साडभावांनी ती त्या स्टुडिओत बसून स्वतःच्या कानांनी ऐकली होती, आणि त्यातली खंजिरी कुणाची ते ओळखून टाळ्याही वाजवल्या होत्या. वामनरावांना ते काही सांगू शकले नाहीत. संत्री ठेवली आणि उठले.

घरी त्यांनी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी हे सॉफ्टवेअर उद्याच काढून टाकते. साडभाऊ नको म्हणाले. ज्याचा हात आहे त्याला आधी विचारू, तो काढ म्हणाला तर काढ. दुसऱ्या दिवशी ते दोघं सौंसरला आले आणि मलाही सोबत घेतलं. मी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, औषधवाला सोबत असलेला बरा.

वामनराव अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी चहा ठेवला. साडभाऊ चहाकडे पाहत राहिले. ज्या माणसाने देवळापुढे यंत्र विकलं, नारळाच्या पाण्यातून बाहेर आलेल्या लॅपटॉपवर सौदे केले, त्याला इथे सुरुवात सापडेना. शेवटी सुनेनेच सांगितलं, काही न लपवता. हे सॉफ्टवेअर काय आहे, नागपूरवाल्यांनी घेतलं, म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. तुम्ही म्हणाल तर मी ते बंद करते.

वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. ऐकव म्हणाले. तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावले. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि त्यांचं बोट गुडघ्यावर चाललं होतं, पण थोडं मागून, जसं माणूस दुसऱ्याच्या मागे म्हणतो. हेडफोन काढून त्यांनी तिच्या हातात दिले.

‘चांगलं केलं तू,’ ते सुनेला म्हणाले. मग साडभावांकडे वळले. ‘पैशाचं नाही रे. पेन्शन आहे मले. नागपूरले गेलो का चार वाजवणारे भेटत, दोन दिवस माणसात राह्यत होतो. ते तुह्या डब्यात नाही आलं.’

परतताना साडभाऊ फाटकापाशी थांबले आणि वामनरावांना म्हणाले की परवा मुलताईला एकाला ऐकवायला जायचं आहे, स्कूटरवर मागची जागा रिकामीच असते. वामनराव म्हणाले, पाहू. परवा सकाळी ते खंजिरी कापडी पिशवीत घालून तयार बसले होते.

त्यानंतरचं वर्ष हे साडभावांच्या विक्रीच्या कारकिर्दीतलं सगळ्यात वाईट आणि सगळ्यात आनंदाचं वर्ष असावं. दोघे मिळून फिरायचे. आधी साडभाऊ लॅपटॉपवर वाजवून दाखवायचे, मग वामनराव पिशवीतून खंजिरी काढायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. वामनरावांचं ऐकल्यावर स्टुडिओवाले म्हणायचे, काका, आम्ही यांनाच बोलावतो. वामनरावांना पुन्हा बोलावणी सुरू झाली. नागपूरवाल्यांकडे साडभाऊ मुद्दाम गेले आणि छोट्या कामाला डबा वापरा, मोठ्या गाण्याला माणूस बोलवा, असं त्यांच्या गळी उतरवून आले. सॉफ्टवेअर मात्र त्या फेऱ्यांत कुणी घेईना. फळ दाखवायला नेलं आणि झाडच विकून आलो, असं साडभाऊ सांगायचे आणि स्वतःच हसायचे. वामनरावांची एक तक्रार होती. मुद्रण पावसाळ्यात झालं होतं, कातडं दमट होतं, माझा आवाज जगाला असा सर्दी झाल्यासारखा ऐकवू नका. मग कोरड्या थंडीत, पाचोळ्याच्या जाळावर खंजिरी शेकून शेकून, सुनेने सगळे ठोके नव्याने घेतले, वामनरावांचं नाव सॉफ्टवेअरवर घातलं आणि या वेळी मानधन त्यांच्या खिशात कोंबलं.

त्याच सुमारास एका फेरीत तिने दोघांचा व्हिडिओ काढला. पांढुर्ण्याच्या एका ओसरीवर लॅपटॉप आणि वामनराव आळीपाळीने वाजवत आहेत आणि साडभाऊ मध्ये बसून, कुणाचंही कौतुक जास्त होणार नाही याची काळजी घेत, दोघांनाही मान डोलावत आहेत. तो व्हिडिओ तिने वेबसाइटवर टाकला. त्याखाली कुठकुठल्या देशांतले गाणी करणारे लिहायला लागले. मागण्या येऊ लागल्या, रोज, आपोआप, कुणी स्कूटर न काढता. आता तिच्याकडे दुसऱ्या वाद्यांचंही काम आहे आणि मदतीला नागपूरची एक मैत्रीण आहे. तिने सासऱ्यांना फार मायेने सांगितलं की बाबा, आता उन्हात फिरायची गरज नाही. साडभाऊ म्हणाले, हो, बरोबर आहे. विकणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली बातमी नाही, आणि यापेक्षा वाईटही नाही.

वामनरावांचे गुडघे थकले. मुलगी येऊन त्यांना मुलताईला घेऊन गेली. बोटं आता फार वेळ चालत नाहीत म्हणतात. रामाकोन्याच्या घराला कुलूप आहे.

साडभाऊ अजूनही सौंसरला येतात, आता बसने. दुकानात बसतात, काही विकत नाहीत. परवा दुपारी आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला गेलो. चहावाल्याच्या फोनवर कुठलंसं भजन चाललं होतं. साडभाऊ बोलता बोलता थांबले. मलाही मग ऐकू आलं. गाणाऱ्याच्या मागे, फार पुढे न येता, खंजिरी चालली होती, आणि कडव्याच्या शेवटी किंचित वाढत होती. चहावाल्याने त्यांचं लक्ष पाहून विचारलं, काका, ओळखीचं गाणं आहे काय? मला वाटलं, आता खिशातून कार्ड निघणार, सून, वेबसाइट, सगळं येणार.

‘गाणं नाही,’ साडभाऊ म्हणाले. ‘वाजवणारा ओळखीचा आहे.’

गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. चहावर साय धरली. मग त्यांनी मोबाइल काढून मुलताईला फोन लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. दुपारचा झोपला असन, असं म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दोन नवे चहा सांगितले.